पुढच्या साथीआधी आमच्या वहीतली माणसं तुमच्या आराखड्यात घ्या
(महाराष्ट्रातल्या सर्व जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र)

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण,
महाराष्ट्रातील सर्व जिल्हे

सप्रेम नमस्कार.

मे महिना आला की आपल्या दालनात मान्सूनपूर्व आढावा बैठक होते. बोटी किती, लाइफ जॅकेट किती, पूररेषेतली गावं कोणती, दरडीखालच्या वाड्या कोणत्या, कुठल्या शाळेत किती माणसं हलवायची, गावातल्या पट्टीच्या पोहणाऱ्यांचे मोबाइल नंबर काय, हे सगळं त्या फाइलीत असतं. पुराची तयारी आपण माणसांपासून सुरू करतो, म्हणून दरवर्षी कितीतरी जीव वाचतात. साथीच्या तयारीचं तसं नाही. आमच्या जिल्ह्याचा आराखडा मी पानन् पान वाचला. साथीच्या प्रकरणात खाटांचे तक्ते आहेत, ऑक्सिजनचे आहेत, रुग्णवाहिकांचे आहेत. सगळं बंद पडल्यावर दुसऱ्याच दिवशी कोणाची चूल विझते, त्या माणसांचा तक्ता मात्र कुठेच नाही.

मी मराठवाड्यात आशांची गटप्रवर्तक आहे, म्हणजे गावोगावच्या आशा आरोग्य कार्यकर्त्यांच्या कामावर देखरेख करणारी. वीसेक आशांच्या वह्या दर महिन्याला माझ्या हाताखालून जातात. गरोदर माता, कमी वजनाची बाळं, टीबीचे पेशंट, बीपी-शुगरवाले, अंथरुणाला खिळलेले म्हातारे, सगळे त्या वह्यांत आहेत. करोनाच्या दोन वर्षांत याच वह्या घेऊन आम्ही दारोदार फिरलो. त्यातून एकच गोष्ट मनात पक्की बसली आणि ती आपल्यापर्यंत पोचवायला हे पत्र लिहितेय: साथीत सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त हाल होतात ते कुठल्याच यादीत नसलेल्यांचे. आणि साथ सुरू झाल्यावर यादी करता येत नाही. ती आधीच हातात हवी.

ऊसतोडीचं उदाहरण घ्या. २४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून देश बंद झाला, तेव्हा गळीत हंगाम संपत आला होता. बीड, नगर, जालना, परभणी इकडच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर होत्या. फड संपले, पण निघायला परवानगी नाही. एक लाखाहून जास्त माणसं कारखान्यांच्या भोवती कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, अडकली. बरोबर लेकरं, बैलं. राज्य सरकारनं तपासणी करून त्यांना गावी सोडायचा निर्णय घेतला तो १७ एप्रिलला. निर्णय चांगलाच होता. पण मधले साडेतीन आठवडे ही माणसं नेमकी कोणाची होती? कारखाना म्हणे मुकादमाची, मुकादम म्हणे कारखान्याची, तिथलं गाव म्हणे बाहेरची. आणि इकडं त्यांचं स्वतःचं गाव वाटेवर बाभळीच्या फांद्या टाकून बसलेलं.

एप्रिलच्या शेवटी आमच्या भागात एक टोळी उतरली. तपासणीचे कागद मुकादमाच्या खिशात होते, सही-शिक्क्यानिशी. तरी गावानं चौदा दिवस माळावर राहायला सांगितलं. ऊन बेचाळीसच्या पुढं, सावलीला एक लिंब, पाण्याचा टँकर दिवसाआड. त्यांच्यात आठवा महिना लागलेली एक बाई होती. आमच्या आशेनं तिचं कार्ड उघडून मला दाखवलं. ऑक्टोबरात नोंदणी, एक इंजेक्शन, वजन. त्यापुढचे सगळे रकाने कोरे. आमच्या वहीत तिच्या नावापुढं शेरा होता, ‘स्थलांतरित’. म्हणजे आम्ही तिला गेली म्हणून सोडलेलं. तिकडं कारखान्याच्या गावातल्या आशेच्या लोकसंख्येत कोप्या धरलेल्याच नव्हत्या, म्हणजे तिनं तिला मोजलंच नव्हतं. सहा महिने ती बाई पहाटे चारला फडात जात होती, मोळ्या उचलत होती आणि शासनाच्या एकाही कागदावर ती गरोदर नव्हती. हिमोग्लोबिन तपासलं तर सात भरलं, फारच कमी. १०२ ची रुग्णवाहिका मिळवायला दुपार गेली, कारण माळाला गट नंबर होता, गावाचं नाव नव्हतं. बाई वाचली, बाळही वाचलं. पण ते आमच्या आशेनं उन्हात दोन फेऱ्या मारल्या म्हणून. व्यवस्थेनं तिला शोधलं असं म्हणायची सोय नाही.

मोजलं की दिसतं, हे बीड जिल्ह्यानं एकदा दाखवून दिलंय. ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात अशी ओरड वर्षानुवर्षं होती. २०१९ मध्ये शासनाच्या समितीसाठी पाहणी झाली, ८२,३०९ बायकांची. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. आकडा हातात आला तेव्हा हंगामाला जाण्याआधी आणि आल्यावर तपासणी करायची भाषा सुरू झाली. बायका त्याआधीही तिथंच होत्या. त्यांना विचारायला कोणी गेलं नव्हतं, एवढंच.

रेशनचंही असंच आहे. राज्यात अन्न सुरक्षा योजनेचा इष्टांक, म्हणजे किती माणसांना धान्य द्यायचं याची ठरलेली मर्यादा, सात कोटींचा, तोही २०११ च्या जनगणनेवर ठरलेला. त्यानंतर जन्मलेली, लग्न होऊन आलेली, कार्डातून विभक्त झालेली माणसं तहसीलला गेली की खिडकीतून एकच उत्तर येतं, ‘इष्टांक शिल्लक नाही’. लॉकडाऊनमध्ये माणशी पाच किलो मोफत धान्य आलं आणि ज्यांचं नाव ऑनलाइन होतं त्यांना त्याचा मोठा आधार झाला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. केशरी कार्डवाल्यांना आठ रुपयांनी गहू आणि बारा रुपयांनी तांदूळ मिळाला. शिवभोजन थाळी दहाची पाच रुपयांना झाली. पण ज्यांच्याकडं कार्डच नव्हतं, त्यांच्यासाठी रेशन दुकानदाराकडं काहीच नव्हतं. त्यात त्याचाही दोष नव्हता. मशीन जे नाव दाखवील त्यालाच तो माप घालणार.

सर्वोच्च न्यायालयानं २९ जून २०२१ ला निकाल दिला. सगळ्या राज्यांनी एक देश एक रेशन कार्ड लागू करावं, कार्ड नसलेल्या स्थलांतरित मजुरांना कोरडा शिधा द्यावा, सामुदायिक स्वयंपाकघरं चालवावीत. पण शिधा आणि स्वयंपाकघरांचा आदेश साथ असेपर्यंतचा होता. साथ ओसरली, स्वयंपाकघरं थांबली. पुढच्या वेळी ती कुठं उभी राहणार, कोणत्या मंगल कार्यालयात, कोणत्या बचत गटाकडं, धान्य कोणत्या गोदामातून उचलायचं, हे आज कोणाला माहीत आहे? पुराच्या फाइलीत शाळेचं नाव असतं, तसं इथं का नसावं?

८ मे २०२० चा करमाडचा अपघात मराठवाड्यात कोणी विसरलेलं नाही. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर भुसावळला गाडी मिळेल म्हणून रुळावरून चालत निघाले, थकून रुळावरच झोपले आणि पहाटे मालगाडीखाली सोळा जण गेले. श्रमिक रेल्वे १ मेपासून सुरू झाल्या होत्या. म्हणजे गाडी होती. पण आपण कोणत्या गाडीत, कोणत्या तारखेला, कोणत्या स्टेशनात बसणार, हे त्या सोळा जणांना कोणी सांगू शकलं नाही. ‘कोणाकडं किती परराज्यातले मजूर’ याची कारखानानिहाय चालू यादी कामगार कार्यालयात असती, तर कोणीतरी त्यांच्या खोलीवर जाऊन, दोन दिवस थांबा, तुमचा नंबर अमुक तारखेला आहे, एवढं तरी सांगितलं असतं. १९७९ पासून आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा आपल्याकडं होता. त्यात नोंदणीही होती. ती नोंद त्या रात्री कोणाच्या कामी आली नाही.

आता जरा नाजूक विषय. यादी करा म्हणणं सोपं आहे, पण यादीला भिणारी माणसं आपल्या राज्यात आहेत आणि त्यांचं भिणं बरोबर आहे. पारधी वस्तीवर मी पहिल्यांदा वही काढली तेव्हा दोन पुरुष मागच्या मागं निघून गेले. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यानं त्यांच्या आज्या-पणज्यांची नावं चौकीत लिहिली होती. हजेरी चुकली की कोठडी. तो कायदा १९५२ मध्ये गेला, जमाती विमुक्त झाल्या, तरी गावात चोरी झाली की पहिली जीप अजून त्यांच्याच पालाकडं वळते. २०२० च्या उन्हाळ्यात गावोगाव गावबंदी झाली, तेव्हा नंदीवाले, मसणजोगी, डवरी गोसावी, वासुदेव या भटक्यांनी जायचं कुठं, हा प्रश्न कोणाच्या डोक्यातच आला नाही. घरात राहा म्हणायचं, तर घर म्हणजे चार काठ्यांवरचं पाल. गावात फिरायचं नाही म्हणायचं, तर फिरणं हीच त्यांची भाकरी. आणि त्याच्या दोनच वर्षं आधी, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावानं पाच डवरी गोसाव्यांना ठार मारलं होतं. अफवेच्या दिवसांत अनोळखी गावात पाऊल टाकणं म्हणजे काय, हे त्या समाजाला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

म्हणून माझी विनंती आहे की यादी आरोग्य खात्याची असावी, पोलिसांची नसावी. ती भिंतीवर लागू नये, व्हॉट्सअॅपवर फिरू नये. हातावर शिक्के मारलेले आणि घरांवर पाट्या लावलेले दिवस आपण पाहिलेत. पाटी लागलेल्या घरातल्या पोराला दूधवाल्यानं दूध नाकारलेलं मी पाहिलंय. घराबाहेर अशी पोस्टर लावू नयेत, असं डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. यादी मदत पोचवण्यापुरती असावी आणि ज्याचं नाव त्यात आहे त्याला ते माहीत असावं.

हे जमतं, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. देहविक्री करणाऱ्या बायकांना ओळखीचा पुरावा न मागता कोरडा शिधा द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२० मध्ये सांगितलं. महाराष्ट्रानं त्यापुढं जाऊन ऑक्टोबर ते डिसेंबर महिन्याला पाच हजार रुपये आणि शाळकरी मुलं असलेल्या बायकांना आणखी अडीच हजार द्यायचं ठरवलं. या बायका शोधल्या कशा? एड्स नियंत्रणाच्या कामातल्या संस्था वर्षानुवर्षं त्या गल्ल्यांत जात होत्या, त्यांच्याकडं माहिती होती आणि बायकांचा त्यांच्यावर विश्वास होता. वाटपात अडचणी आल्या, पैसे काहींना उशिरा मिळाले, काहींना मिळालेच नाहीत. तरी कागद नसलेल्या माणसापर्यंत सरकार पोचू शकतं हे सिद्ध झालं. जो रोज त्या दारात जातो, त्याची नोंद प्रमाण माना, एवढाच त्यातला धडा.

तृतीयपंथी, वीटभट्टीवरचे कातकरी, स्टेशनवर झोपणारी मुलं, मनोरुग्णालयातून सुटून कोणी न्यायला न आलेले लोक, प्रत्येकाचं हेच आहे. कोणीतरी एक जण त्यांना ओळखतो. शाळेचा शिक्षक, एखादी आश्रमशाळा, स्टेशनबाहेरचा चहावाला, संस्थेचा कार्यकर्ता, आमची आशा. लसीकरणात सरकारला हे उशिरा का होईना कळलं. सुरुवातीला मोबाइल आणि ओळखपत्राशिवाय लस नव्हती. ६ मे २०२१ ला केंद्रानं ओळखपत्र नसलेल्यांसाठी कार्यपद्धती काढली, त्यात भटके, कैदी, भिक्षेकरी, वृद्धाश्रमातले लोक आले. हाच कागद पहिल्या दिवशी निघायला काय हरकत होती?

धारावीचं नाव सगळे घेतात, मीही घेते, कारण तिथं एक गोष्ट फार शहाणपणाची झाली. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं आणि संडास सार्वजनिक, तिथं घरी विलगीकरण होणार नाही, हे पालिकेनं सुरुवातीलाच मान्य केलं. शाळा, क्रीडा संकुल ताब्यात घेतलं, तिथं जेवणाची सोय केली. दोन वेळचं मिळतंय म्हटल्यावर माणूस दुखणं लपवत नाही. आमच्याकडं उलट झालं. विलगीकरणात गेलो तर मजुरी बुडते, घरी खायला कोण घालणार, म्हणून ताप अंगावर काढणारे मी किती सांगू. आणि त्या गडबडीत दुसरी दुखणी मागं पडली. देशात २०१९ मध्ये टीबीचे २४ लाख रुग्ण नोंदले गेले होते, २०२० मध्ये १८ लाख. टीबी कमी झाला नव्हता. खोकणारी माणसं दवाखान्यात यायला घाबरत होती आणि तपासणारे हात करोनाकडं वळले होते.

साहेब, कायद्याबद्दल थोडं लिहिते. १८९७ च्या प्लेगात इंग्रजांनी साथरोग कायदा केला. त्यात सरकारला अधिकार आहेत, हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा आहे, अधिकाऱ्याला संरक्षण आहे. रोग्याला काय मिळावं, याबद्दल अक्षर नाही. त्याच साली, १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई पुण्यात गेल्या. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं तसं नाही. त्याचं कलम ५१, आदेश मोडणाऱ्याला शिक्षेचं, २०२० मध्ये नाक्यावरच्या होमगार्डालासुद्धा पाठ होतं. त्याच कायद्यात कलम ६१ आहे: मदत देताना लिंग, जात, समाज, वंश, धर्म यावरून भेदभाव करायचा नाही. ते मी कुठल्या नाक्यावर ऐकलं नाही, कुठल्या फलकावर वाचलं नाही. जिल्हा आराखडा दरवर्षी तपासून अद्ययावत करायचा, हेही त्याच कायद्यात आहे.

आणि दिव्यांगांच्या बाबतीत तर मागणी करायचीही गरज नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं आठवं कलम स्पष्ट सांगतं की जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद आपल्याच प्राधिकरणानं ठेवायची आणि धोक्याच्या वेळी त्यांना कळेल अशा रीतीनं कळवायचं. ती नोंद आज किती जिल्ह्यांत तयार आहे, एवढं आपण जाहीर करावं. करोनात बहिऱ्या माणसाला मास्कमागचे ओठ दिसत नव्हते आणि आंधळ्याला हात धरायला कोणी पुढं येत नव्हतं, अशी माणसं माझ्या गावांत आहेत.

हे कसं व्हावं, तेही सांगते. दसऱ्याला टोळ्या निघायच्या आधी प्रत्येक आशेनं जाणाऱ्या कुटुंबाची नोंद घ्यावी: किती माणसं, कोणत्या कारखान्यावर, कोण गरोदर, कोणाला गोळ्या चालू. ती नोंद त्या कारखान्याच्या हद्दीतल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला जावी आणि तिथल्या आशेच्या लोकसंख्येत कोप्या धराव्यात. कोपी म्हणजे घर आहे, हे एकदा लेखी मान्य करा. पालांचा नकाशा प्रत्येक तालुक्यात असावा, कारण पालं दरवर्षी साधारण त्याच माळांवर पडतात. आम्हाला ते माळ माहीत आहेत. स्वयंपाकघरांच्या जागा आणि चालवणारे बचत गट आत्ताच ठरवावेत. तहसीलदाराला ठरावीक धान्य कार्ड न बघता देण्याचा अधिकार आधीच लेखी असावा, म्हणजे त्या दिवशी त्याला मंत्रालयाच्या पत्राची वाट बघावी लागणार नाही. गावबंदी करणाऱ्या ग्रामपंचायतीला सांगावं की वेस बंद करायची असेल तर वेशीबाहेरच्या माणसाच्या पाण्याची आणि धान्याची जबाबदारीही तिचीच.

आणि ही यादी फुकट होणार नाही. करोनाच्या कामाचे आशांना केंद्राकडून महिन्याला हजार रुपये मिळत होते, दिवसाचे तेहतीस. त्या पैशांत त्यांनी पॉझिटिव्ह पेशंटच्या दारात उभं राहून ऑक्सिजन मोजलाय, तोंडाला साधा रुमाल बांधून. पुन्हा तेच करायला लावू नका. हंगामी नोंदणीचा वेगळा मोबदला ठेवा आणि तो महिन्याच्या महिन्याला द्या.

यंदाच्या मान्सूनपूर्व बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, अशी माझी मागणी आहे. त्या बैठकीला प्रत्येक तालुक्यातून एक आशा, भटक्या-विमुक्तांतला एक, ऊसतोड कामगारांतली एक बाई आणि एक दिव्यांग प्रतिनिधी बोलवा. त्यांना प्रवासभाडं आणि बुडालेली मजुरी द्या, आणि बोलायला वेळ द्या. आमच्याकडून आशा वह्या घेऊन येतील. कोणत्या माळावर कोण राहतं आणि त्याला काय लागतं, हे त्या नावानिशी सांगतील. पुढं ते आराखड्यात चढवायचं काम आपलं.

आपली विश्वासू,
एक गटप्रवर्तक
मराठवाडा